कुंकू न घेणारं यंत्र

बीबी गावाजवळच्या शेततळ्यावर मासळीचा धंदा महादेवरावांच्या नावावर आहे, चालवतात मात्र त्यांच्या घरच्या अंबूबाई. नवी वस्तू हातात आली की त्या आधी तिचा वास घेतात, मग कानाशी हलवून बघतात. मोबाइलसुद्धा त्यांनी असाच पारखून घेतला.

खंडेनवमीला त्यांनी विळा, वजनकाटा, पाण्यात हवा सोडणारा पंप असं सगळं ओळीनं मांडलं. शेवटी पाण्यातला प्राणवायू मोजणारं यंत्र तळ्यातून वर काढलं. टोकाला कुंकू लावलं. ओघळलं. पुन्हा लावलं. पुन्हा ओघळलं.

"अवो, हे तं कुकूच घेऊन नाई राह्यलं!"

"ओलं असन," खाटेवरून महादेवराव.

"ओला तं विळाबी हाये. त्यानं काऊन घेतलं मंग?"

कुंकू न घेणारी वस्तू वापरायची नाही, हा अंबूबाईंचा नेम. पण आभाळ सकाळपासून दाटलेलं, आणि अशा दिवशी तळ्यातला प्राणवायू उतरतो. मागच्या वर्षी जुन्या यंत्रावर शेवाळ चढलं, आकडे खोटे आले, पंप लागलाच नाही. निम्मी मासळी मरून उताणी तरंगली होती. कुंकू बसावं म्हणून त्यांनी टोक घासायला काथ्या उचलला.

"काकू, नको!" योगिनी धावत आली. यंत्र तिच्याच कॉलेजनं बसवलेलं. "टोकावर पॉलिमरचा थर आहे. जंतूंना त्यावर बूड टेकता येत नाही. ते बसले नाहीत की शेवाळही धरत नाही."

"अळूच्या पानावानी?"

"उलट. अळूचं पान पाणी झटकतं, हे पाणी पांघरतं. जंतू त्या पाण्यावरूनच घसरतात."

"आन् कुकूबी?"

"हो ना."

"हळद?"

"लावून बघा."

हळद गेली. गुळाचं पाणी गेलं. अंबूबाई तेलातला शेंदूर आणायला निघाल्या, तेव्हा योगिनीनं हात जोडले.

"बरं, वरच्या दांड्याले हाये का थो थर?"

"तिथं नाही."

दांड्यावर कुंकू लागलं आणि बसलं.

"घ्या! पाय नाई तं नाई, कपायाले तं लागलं!"

यंत्र पाण्यात गेलं. योगिनीनं आकडा वाचला आणि तिचा आवाज बदलला. "काकू, प्राणवायू खूप उतरलाय."

"अवो, उठा! पंप लावा!"

महादेवराव चपला न घालताच पळाले. पंप सुरू झाला, पाणी उसळलं. आकडा बराच वेळ हलेना, मग हळूहळू चढायला लागला. वर येऊन तोंडं उघडणारे कटला मासे एकेक करून खाली गेले.

अंबूबाई आकड्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "पोरी, जंतूले टेकू देत नाई, मंग प्राणवायूले आत कसं जाऊ देते हे?"

योगिनी काठावर बसली. हे सांगायला वेळ लागणार होता.