आत्याची पंधरा तासांची ट्रायल

ट्रायल घेतल्याशिवाय आमची आत्या कुठलाही कपडा पक्का शिवत नसे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आधी कच्चे टाके, मग आरशासमोर उभं करणं, मग पक्की शिलाई. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण जातील कुठे? असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

परदेशातल्या तिच्या लेकीला दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. "आई, तू ये ना," म्हणून ती फोनवर रडली. अंतर तेरा हजार किलोमीटर, विमान एका दमात पंधरा तास उडणार. आत्याचे गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या.

"मधेच पाय आखडले तर मी उतरू कुठे?" ती मला म्हणाली.

जावयाला दुसऱ्या दिवशी हो की नाही ते कळवायचं होतं. म्हणून आत्याने ट्रायल घ्यायचं ठरवलं.

कापड बेतायचं टेबल पुढे, कपाट मागे, मधल्या अरुंद जागेत खुर्ची. सकाळी सहाला ती बसली आणि पट्टा म्हणून मोजायची टेप पोटावरून बांधून घेतली. उठायचं ते फक्त बाथरूमला. रात्री नऊपर्यंत टिकली तर जायचं, नाहीतर नाही.

"बाईसाहेब, चहा की कॉफी?" आतोबा ट्रे घेऊन आले.

"आधी हसणं थांबवा," आत्या म्हणाली.

आतोबा घड्याळजी. दुकान विकलं तरी सवय गेली नव्हती. कुणाच्या घरी घड्याळ मिनिटभर मागे दिसलं, तर चहा घ्यायच्या आधी ते नीट करणार. या दोघांनी लग्नापासून एक आठवडाही वेगळा काढलेला नव्हता. आत्या लेकीकडे गेली तर सहा महिने ते एकटे राहणार होते, पण याविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही.

दुपारपर्यंत ठीक चाललं. मग गुडघे ठणकू लागले. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही रे जमायचं मला. पोरीला काय सांगू?" मला फार वाईट वाटलं. थोड्या वेळाने तिचा डोळा लागला. आतोबा स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाची काच पुसत होते.

शेवटी नऊ वाजले. "उतरलं विमान!" आतोबांनी टाळ्या वाजवल्या आणि ते चहा टाकायला आत गेले.

आत्याने टेप सोडली. टेबलाला धरून ती कशीबशी उभी राहिली. "जावयाला कळव, मी येतेय."

"जमलं की गं!"

"कसलं जमलंय?" ती हळूच म्हणाली. "समोरच्या बेकरीचं शटर आत्ता पडलं. ते आठला पडतं." तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "एका मिनिटासाठी अख्ख्या गल्लीशी भांडणारा माणूस माझ्यासाठी तासभर खोटं बोलला. आता न जाऊन कसं चालेल?"

"आणि राहिलेला तास?"

"तो विमानात उभी राहून काढीन."

आतोबा कप घेऊन बाहेर आले. आत्याने कप हातात धरून एक घोट घेतला आणि घड्याळाकडे बोट दाखवलं.

"अहो, ते बरोबर लावून ठेवा. मी गेल्यावर तुम्हालाच बघत बसायचंय त्याच्याकडे."

आतोबा स्टूल आणायला गेले.