संकष्टीचं केळं आणि हवाईचं देवस्थान

वेंधळेपणा माझ्या हातून तसा रोजच होतो. पण देवाच्या दारात, तेही दुसऱ्यांच्या देवाच्या, आणि वर बॉसच्या देखत? चहा ओतते तोवर ऐका.

लॉकडाऊनचे दिवस. आम्ही नेदरलँड्समधल्या आल्मेरेत, मी आयटीतली, काम घरूनच. माझं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आमची बॉस मराइके सोमवारी सांगणार होती. त्याआधीच्या गुरुवारी तिने टीमसाठी ऑनलाइन सहल काढली. कुठे? थेट हवाईला! समुद्रकाठचं शेकडो वर्षांचं पवित्र स्थान, आणि तिथले एक आजोबा मोबाइल धरून फिरून दाखवणार. आमचे संध्याकाळचे सात, तिथे सकाळचे सात.

पवित्र स्थान म्हटल्यावर मी काय साधी बसणार? त्यात मीटिंगची तारीख तेरा, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तेराच्या चौकोनात गणपती. संकष्टी! म्हटलं, योगच आला. दिवसभर उपास केला, न्हाऊन साडी नेसले, नथ घातली.

"मीटिंग आहे की मुंज?" मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने विचारलं.

"देवदर्शन आहे. तू गप्प बस."

सहल सुरू झाली. काळ्या दगडांची रचलेली भिंत, लाकडी मूर्ती आणि पलीकडे निळा समुद्र. खरं सांगते, वर्षभर घराच्या चार भिंती बघितल्यावर तो समुद्र पाहून डोळे भरून आले. आजोबांना सगळे 'अंकल' म्हणत होते, अगदी आपल्यासारखं. मी स्क्रीनला हात जोडले आणि आठवलं, देवासमोर रिकाम्या हाताने? धावले स्वयंपाकघरात.

मी तिकडे असताना अंकलनी काय सांगितलं, ते मला नंतर कळलं. पूर्वी तिथे फार कडक नियम होते. मोडला तर मरणाची शिक्षा. सुटका एकच, पळत नाहीतर पोहत या जागी पोचायचं. इथला पुजारी दोष काढून माफ करायचा. आणि बायकांसाठी नियम कोणता? केळं खायचं नाही. नारळ खायचा नाही.

मी परतले ती ताट घेऊनच. त्यात केळी आणि खोबऱ्याच्या वड्या, शुद्ध उपासाचं! सगळे गंभीर होऊन बसलेले. मला वाटलं, वा, काय भक्तिभाव!

"वन मिनिट, प्लीज!" माइक चालू करून मी ताट कॅमेऱ्यासमोर धरलं, पाणी फिरवलं, डोळे मिटून नैवेद्य दाखवला. आणि प्रसाद म्हणून केळं सोलून घास घेतला.

"अनघा!" मराइके ओरडली. "नॉट द बनाना!"

बिचारीला माझ्या उपासाची केवढी काळजी! "डोंट वरी, मराइके! उपासाला चालतं!" आणि तिची खात्री पटावी म्हणून वडीही तोंडात टाकली.

"ते काय आहे?" अंकलनी हळूच विचारलं.

"कोकोनट!" मी अभिमानाने सांगितलं.

अंकल इतके हसायला लागले की मोबाइल हलून आम्हाला नुसतं आभाळ दिसायला लागलं. "आंटी, एका मिनिटात दोन नियम! पोहायला लागा!"

मग त्यांनी सगळं पुन्हा समजावलं. मी पदर तोंडावर घेतला. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं झालं!

"अहो, पण तुम्ही पोचलाच आहात की इथे," अंकल मायेने म्हणाले. "इथे आलेल्याला माफ करतात."

मराइके मात्र एवढंच म्हणाली, "सोमवारी बोलू." झालं! तीन दिवस मी नोकरीच्या जाहिराती बघत बसले.

सोमवारी ती म्हणाली, "वर्षभर तू स्क्रीनवरच्या चौकोनात तोंड मिटून बसायचीस. गुरुवारी पहिल्यांदा कळलं, आमच्या टीममध्ये कोण आहे ते. तुला कायम केलंय."

मी नाचतच मंदारला सांगितलं. तो एवढी शुभ तारीख लिहून ठेवायला कॅलेंडरकडे गेला आणि तिथेच थबकला.

"अनघा, हे पान मागच्या महिन्याचं आहे."

आता लॉकडाऊनमध्ये पान उलटायचं कुणाच्या लक्षात राहतं? त्याने उलटलं. "संकष्टी गुरुवारी नव्हतीच. बुधवारी होती."

बुधवारी? मी आठवायला लागले.

"आठवू नकोस," मंदार म्हणाला. "बुधवारी तू दोन वाट्या कोंबडीचा रस्सा ओरपलास. माझ्या वाटणीची तंगडीसुद्धा तूच खाल्लीस."

अंकलनी माफ केलं, मराइकेने केलं. पण बाप्पाचं काय? आल्मेरेहून त्या जागेपर्यंत पोहत जायला किती दिवस लागतील हो, कुणाला काही कल्पना?