सारखी करून ठेवा

आमच्या ह्यांना मी एवढंच म्हणाले होते, "अहो, ती ड्राइव्ह जरा सारखी करून ठेवा." पदर सारखा करतात, चादर सारखी करतात, तसं. आतला पसारा नीट लावा, नव्या कॉम्प्युटरवर चालते का बघा आणि ठेवा कपाटात. मी कोलंबी सोलत होते, हात बरबटलेले, म्हणून त्यांना सांगितलं. मेली ती कोलंबी!

जुना कॉम्प्युटर खाऱ्या हवेनं खाल्ला. इथे रेवसच्या बाजूला खिडकीच्या गजांना दरवर्षी रंग लावावा लागतो, तिथे त्याचं काय घेऊन बसलात. अलिबागच्या दुकानदारानं आतलं सगळं पुसून टाकून तो बदल्यात घेतला, आणि मी खुशाल देऊन टाकला, कारण माझं सगळं त्या बाहेरच्या ड्राइव्हवर होतं. सगळं म्हणजे आईचे धवले. आई धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला त्याचं गाणं, म्हणजे धवला, म्हणतात, आणि आसपासच्या गावांत तो म्हणायला आईलाच बोलावणं यायचं. तिला लिहिता येत नव्हतं, जोडीच्या बाया आधीच गेलेल्या. म्हणून शेवटची दोन वर्षं मी रविवारी माहेरी जाऊन मोबाइलवर एकेक धवला रेकॉर्ड करून घ्यायची, घरी येऊन कॉम्प्युटरवर उतरवायची, मोबाइलमधला पुसायची आणि एक प्रत ड्राइव्हवर टाकायची. छत्तीस झाले. मग आई गेली.

तर हे बसले चष्मा लावून. नव्या कॉम्प्युटरनं विचारलं, ड्राइव्ह ह्या कॉम्प्युटरसारखी करायची का? जे इथे नाही ते तिथूनही जाईल, चालेल का? ह्यांनी 'हो' दाबलं. नव्या कॉम्प्युटरवर होतं काय, तर ह्यांच्या पेन्शनचे कागद आणि गणपतीचे फोटो. ड्राइव्हवरही तेवढंच उरलं. अगदी सारखं!

"तूच म्हणालीस ना, सारखी करा म्हणून?" हे म्हणाले.

"अहो, जन्म मराठीत गेला ना तुमचा? घर सारखं कर म्हटलं तर शेजाऱ्याच्या घरासारखं करता का?"

"अगं, त्यानं विचारलं म्हणून मी..."

"त्यानं विचारलं! मला विचारायला तोंड नव्हतं? दहा पावलांवर होते मी!"

दुकानदाराकडे ड्राइव्ह तीन दिवस ठेवली. जुन्या जागेवर फोटो चढलेत, आता काही निघत नाही, असं त्यानं सांगितलं. घरी आल्यावर मी फुटले. ताट आपटलं. म्हटलं, "माझ्या आईला दुसऱ्यांदा मारलंत तुम्ही." हे भरल्या ताटावरून उठले. उठू देत, म्हटलं. आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. खरं तर मला स्वतःचाही संताप येत होता. एवढी शिकलेली मास्तरीण, आणि एकच प्रत ठेवून जुनं यंत्र दुसऱ्याच्या हवाली करते! पण स्वतःवर ओरडता येत नाही, म्हणून ह्यांच्यावर ओरडत होते.

नवव्या दिवशी मोबाइल उलटासुलटा करून पाहिला. एक रेकॉर्डिंग सापडलं. पहिल्याच रविवारचं, खराब झालं म्हणून कॉम्प्युटरवर न घेतलेलं आणि पुसायचं राहून गेलेलं. दार लावून घेतलं आणि ऐकलं.

आई दोन ओळी म्हणते. मग मधेच थांबते. "सकालपासून काय खाल्लंस का न्हाय गो?"

आणि माझा आवाज येतो, चौथीच्या वर्गावर ओरडावं तसा. "आई, मधे बोलू नको म्हणून कितीदा सांगायचं? बिघडलं ना सगळं!"

"बरं बाय. न्हाय बोलत."

आणि खरंच, त्यानंतरच्या छत्तीस धवल्यांत ती मधे एकदाही बोलली नव्हती.