गाळणीचा माइक
चहाची गाळणी हातात आली की संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतला तो कारकून आठवतो. सभेसाठी माइक भाड्याने घ्यायला तो लालबागेतल्या आमच्या दुकानात आला आणि माइक, स्टँड तिथेच खोलून जाळी, स्क्रू, आटे यांची चित्रं काढत बसला. "पोलिसांचा माणूस दिसतोय रे, नजर ठेव," भागीदार माझ्या कानात म्हणाला. सभेच्या दिवशी भाषण सुरू व्हायच्या आतच पोलिसांनी स्टँडवरचा माइक उचलून नेला. पोलिसांची गाडी वळताच कारकुनाने कोटातून आमचा माइक काढून स्टँडवर बसवला. पोलिसांनी नेलेला लाकडाचा होता, जाळीच्या जागी चहाची गाळणी. दुसऱ्या दिवशी तो हसत माइक परत करून गेला. त्याची पाठ वळताच मी तो खोलून पाहिला. आजही कुणी माइक परत आणला, की मी आधी जाळी बघतो.