भीमामौशीचा अंगठा

आमच्या पुरानी बस्तीत भीमामौशी तीस वर्षं घरोघरी लेकरांना तेल चोळून आंघोळ घालते. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासतो. हे आधीच सांगतो, कारण त्या दिवशी मी तिला हसलो होतो.

शेजारच्या चेतनाचा यशदीप दीड वर्षाचा झाला तरी उभा राहत नव्हता. फार हडकुळा. पोषण केंद्रात पंधरा दिवस राहून वजन वाढवून आला. आता उभा राहीलच, म्हणून चेतना त्याला रोज भिंतीशी उभं करायची. त्याचे पाय वाकायचे, तो रडायचा.

तेल चोळता चोळता मौशी त्याच्या मनगटाशी थांबली. अंगठा गोल फिरवला.

"याले उभा नको करू, पोट्टी. हाड कच्चं आहे. डॉक्टरले दाखव."

"वजन बढ़ गया ना, मौशी! काहून डरवून राहिली?"

"मांस चढलं. हाड नाही."

मी हसलो. "अंगठ्यानं व्हिटॅमिन मोजते काय, मौशी?"

"ते तुह्या मशीनले विचार. मले मनगट समजते. आन् हे लेकरू उन्हात कधी असते, सांग बरं?"

चेतनानं पोराला पदराखाली घेतलं. लोक पोराच्या बरगड्यांकडे टक लावून बघायचे. नजर नको म्हणून तिनं त्याला कोंडूनच ठेवलं होतं, भरदुपारी दिवा लागतो अशा खोलीत.

डॉक्टरांनी तपासणी लिहिली आणि नमुना माझ्याच हाती आला. व्हिटॅमिन डी निदान वीस हवं होतं. आलं पाच. मशीन चुकलं असेल म्हणून पुन्हा लावलं. पाचच. एक्स-रेमध्ये मनगटाच्या हाडाची टोकं पसरट, फाटल्या कापडासारखी दिसत होती. मौशीचा अंगठा थांबला होता, नेमका तिथंच. मी कितीतरी वेळ तो फोटो उजेडात धरून उभा होतो.

औषध सुरू झालं. उन्हाचं मौशीनं स्वतःकडे घेतलं. गालावर रुपयाएवढा काळा टिक्का लावून ती यशदीपला रोज सकाळी ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर लोळवायची. "या, बघा! पोटभर बघून घ्या!"

चौथ्या महिन्यात एकदा तो तिचा पदर धरून उठला. डगमगला, पण बसला नाही.

"मौशी, देख!" चेतना ओरडली आणि त्याला बसवायला धावली.

मौशी बघतच नव्हती. डोळे मिटून तिनं त्याच्या मनगटावर अंगठा ठेवला होता. चेतना जागीच थबकली. मीही.

"हव," मौशी म्हणाली. "आता राहू दे उभा."