नळीत उरलेलं

आमच्या दवाखान्यात कुटुंबनियोजन समजावून सांगणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे नळीवाले म्हणतात आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. सलाईनच्या जुन्या नळ्या, दोन रबरी फुगे आणि एक लाकडी फळी एवढ्या भांडवलावर त्यांनी पुरुषाच्या आतली सगळी व्यवस्था स्वतःच्या हाताने उभी केली आहे. मी तिथली नर्स. त्यांचं व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलंय, की झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवीन.

"हे खालचे दोन कारखाने," फुगे दाबत ते सांगतात. "इथे दोन माल निघतात. एक शुक्राणू, तो या नळीने वर जातो. दुसरा हार्मोन, तो थेट रक्तात. दाढी, आवाज, जोर, इच्छा, सगळं त्याच्या हाती. आपण कापतो ती फक्त नळी. रक्ताला कोण हात लावतंय?"

"मग बाहेर काही येणारच नाही?" कुणीतरी हमखास विचारतं.

"येणार की. ते पाणी वरच्या ग्रंथींचं. शुक्राणू त्यात एरवीही नावापुरतेच."

मग ते नळीला चिमटा लावतात, पुढचा नळ सोडतात, आणि चिमटा लावूनही नळीत भरलेलं लाल पाणी थेंब थेंब येतच राहतं. इथे बोट वर जातं. "हे आधीचं उरलेलं. म्हणून तीन महिने थांबायचं, तोवर दुसरं साधन वापरायचं, मग कपात नमुना देऊन तपासून घ्यायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

पुरुष माना डोलावतात आणि घरी जाऊन बायकोला ऑपरेशनला पाठवतात. नळीवाले यावर फार चिडायचे. मी नळीवाल्यांवर चिडायचे, कारण इतकी वर्षं त्यांनी स्वतःची नळी शाबूत ठेवली होती. विचारलं की म्हणायचे, "आधी लोकांचं होऊ दे, सिस्टर." जसा काही वाढणारा माणूस शेवटी जेवतो.

वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, इस्त्रीचं दुकान दवाखान्यासमोरच आहे. आमचे एप्रन त्यांच्याकडेच जातात. दोन मुली कॉलेजात, वहिनींना रक्तदाब, त्यामुळे डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या बंद केलेल्या. एके दिवशी एप्रनची चळत माझ्या टेबलावर ठेवता ठेवता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझं ऑपरेशन म्हणजे पोटात शिरायचं. तुमचं म्हणजे नुसतं कातडं. हे तुम्हीच सांगता ना लोकांना? मग कोणी करायचं?"

पुढच्याच नसबंदी शिबिरात नळीवाले मुकाट्याने टेबलावर चढले. काम झाल्यावर सर्जननी नेहमीच्या सूचना द्यायला सुरुवात केली, तर हे हसून म्हणाले, "साहेब, हे मला सांगता?"

तिथेच माशी शिंकली. घरी वहिनींनी विचारलंही, "अहो, ते तीन महिन्यांचं काय?" त्यावर उत्तर मिळालं, "त्यातलं मला कळतं." नियम लोकांसाठी होते, जाणकारांसाठी नव्हते. आणि कपाचं तर नावच काढायला नको. लॅबची खिडकी आमच्याच व्हरांड्यात, आणि खिडकीत बसणारी मुलगी यांच्या थोरलीची मैत्रीण.

चाळिशी ओलांडलेल्या वहिनींना दिवस गेले. ठेवायचं हे त्यांनी ठरवलं, यांनी मान डोलावली. पोट दिसायला लागलं तसं गल्लीला काही जुळेना. नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं आणि बायको गरोदर. काहींनी ऑपरेशनवर संशय घेतला आणि नाव दिलेले मोजके पुरुषही गळायला लागले. बाकीच्यांनी वहिनींवर घेतला. कपडे न्यायला आलेल्या बायका पूर्वी दुकानात टेकायच्या, आता दारातूनच पिशवी उचलून निघायच्या.

मी नळीवाल्यांना गाठलं. "खरं काय ते सांगून का टाकत नाही?"

"कधी कधी होतं असं, सिस्टर," ते फळी पुसत म्हणाले. "खरं सांगितलं तर उद्या माझं ऐकेल कोण?"

म्हणजे आपली अब्रू वाचवायला बायकोची गहाण. मला इतका संताप आला, की दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

पुढच्या शिबिराला हॉल गच्च भरला, कारण या वेळी गंमतही बघायची होती. वहिनी एप्रन घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. नळीवाल्यांनी चिमटा लावला, नळ सोडला. लाल पाणी ठिबकायला लागलं.

"नळीवाले," मागून एकजण म्हणाला, "तुमच्याकडे चिमटा सैल होता, की पाणी शेजारच्या नळाचं?"

हॉल खदखदून हसला. वहिनी हलल्या नाहीत, की चळत खाली ठेवली नाही. नळीवाल्यांनी दाराकडे पाहिलं. आता बोट वर करायची जागा आली होती. बोट काही वर गेलं नाही.

"चिमटा पक्का होता," ते म्हणाले. "मी थांबलो नाही. हे जे उरलेलं ठिबकतंय ना, तेच. हिने विचारलं होतं, मी म्हटलं मला कळतं. चूक माझी, पोर माझं. हिला कुणी नावं ठेवायची नाहीत."

माझा राग त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे, माझे डोळे भरून आले. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका सुतारकाकांनी शांतपणे विचारलं, "मग आता तरी तपासून घेतलंत ना?"

नळीवाले फळी पुसायला लागले. घेतलं नव्हतं. अजूनही.

मी ट्रेमधला नमुन्याचा कप उचलून त्यांच्यासमोर धरला. तो घेऊन ते बाथरूमकडे गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते कपाला रुमाल गुंडाळून, भिंतीच्या कडेकडेने चालत. व्हरांड्यात सगळे पुरुष रांगेने उभे होते, खिडकीत थोरलीची मैत्रीण बसली होती. वहिनी चळत बाकावर ठेवून पुढे आल्या, कपावरचा रुमाल काढून घेतला आणि सवयीने त्याची नीट घडी घातली.

"मला माझं कुठे झाकता येतंय?" त्या म्हणाल्या. "चला."