सुखदेवभाऊ आणि मोरचुदाची पोती

आमच्या गावतलावातले मासे मी मारले.

खरं कारण माहीत असलेला दुसरा माणूस, सुखदेवभाऊ, आज सकाळी गेला. म्हणून लिहितोय.

सेलू तालुक्यातलं आमचं गाव. सुखदेवभाऊ ढिवर. तलावातल्या मासोळीवर त्यांचं घर चालायचं.
मी कॉलेजात शिकवायचो. माईक हातात आला की थांबायचो नाही.

तीन वर्षांपूर्वी स्वच्छता स्पर्धेची कमिटी येणार होती. तलाव शेवाळानं हिरवागार.
मला ती घाण वाटली.

शेवाळ मारायला मोरचूद मागवला. संत्र्याच्या बुंध्याला लावतात, तोच. पोत्यांत भरून डोंग्यामागे पाण्यातून ओढायचं ठरवलं. डोंगा सुखदेवभाऊंचा.

ते म्हणाले, "सर, हे घान नाई. मासोयीचं जेवन हाये. जेवनच मारलं त ते कायच्यावर जगन?"

मी चारचौघांत म्हणालो, "तुम्ही जाळं टाका भाऊ, विज्ञान माझ्यावर सोडा."
सगळे हसले. त्यांनी डोंगा वल्हवला.

शेवाळ मेलं, सडलं. सडवणाऱ्या सूक्ष्मजीवांनी पाण्यातला ऑक्सिजन संपवला. चौथ्या दिवशी मासे पोट वर करून काठाला लागले.

हे सगळं मी वर्गात शिकवलेलं होतं.

ग्रामसभेत तासभर बोललो. फवारणीचे पंप तलावात धुणाऱ्यांवर. शब्द न शब्द खरा, आणि तरी मी खोटं बोललो.
टाळ्या पडल्या. सुखदेवभाऊ पहिल्या रांगेत बसले होते.

दुसऱ्या दिवशी घरी आले. चहा घेतला.
"सर, गाव तुमचं आयकते. एकडाव सांगून द्या ना, मोरचुदानं झालं म्हून. नाई त पुढच्या साली अजून टाकतीन."

बघू, म्हणालो.

पुढच्या साली टाकलाच. या वेळी त्यांनी डोंगा दिला नाही. म्हातारा गावाच्या कामात नडतो, असं पारावर कोणी म्हणालं.
मीही हसलो.

तलावात मासोळी उरली नाही, मग ते पिपरी मेघे या गावी बांधकामावर जाऊ लागले. साठी उलटलेला माणूस, डोक्यावर विटा. माझं नाव त्यांनी कुणाकडे काढलं नाही.

परवाच्या ग्रामसभेत यंदाच्या मोरचुदाचा विषय आहे. मी उभा राहून सांगणार आहे की सुखदेवभाऊ खरं सांगत होते आणि मी ऐकलं नाही. दोन मिनिटांचं काम. मला तीन वर्षं लागली.

सुखदेवभाऊ, शेवटचा नमस्कार.
माफी मागायला तुम्ही समोर हवे होतात.